मनी जेवत का नाही?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समितीनं मला विषय दिला, 'म्हातारपणी रोबोची सोबत'. मी पॉलिटेक्निकला तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे मॅडमला मशीनमधलं कळतं असा आपल्याकडे समज आहे. कुणाचा इन्व्हर्टर बंद पडला, कुणाच्या कूलरचा पंप पाणी ओढेना, की पहिला फोन मला येतो. म्हणून असेल, पण रोबोवर बोलायलाही मलाच उभं केलं. उभं केलंच आहे तर जरा मनातलंही बोलते. वीस मिनिटं दिली आहेत, ती पाळते.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बेसा रोडला शेतं होती. मनीषनगरच्या फाटकावर गाडी अडकली की शाळेची घंटा चुकायची. पहिल्या सर्वसाधारण सभेत सगळ्यात मोठा वाद कशावरून झाला होता आठवतं? लहान मुलांचे झोके कुठे लावायचे यावरून. आणि मागच्या सभेत? लिफ्टपाशी रॅम्प करायचा की नाही यावरून. माणसं तीच आहेत. झोक्यावर बसणारी मुलं पुण्या-बंगलोरला, काही थेट अमेरिकेत, आणि झोके ढकलणारे आपण आता गुडघ्याला पट्टा बांधून बसलो आहोत.

हे आपल्याच सोसायटीचं नाही. २०२३ च्या इंडिया एजिंग रिपोर्टमधला अंदाज असा, की २०५० पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक माणूस साठीच्या पुढचा असेल. जपान तिथे कधीच पोचला आहे, शंभरातली जवळजवळ तीस माणसं पासष्टीच्या पुढची. म्हणून रोबोची गोष्ट जपानपासून सुरू होते.

आधी रोबो म्हणजे काय ते सांगते. वृद्धांच्या देखभालीत दोन तऱ्हेची यंत्रं येतात. एक अंगमेहनतीची, म्हणजे माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवणारी. दुसरी सोबतीची. ती उचलत नाहीत, झाडत-पुसत नाहीत. बोलतात, ऐकल्यासारखं करतात, हात फिरवला की प्रतिसाद देतात, गोळीची आठवण करतात. इंजिनिअर लोक त्यांना 'सामाजिक साहाय्यक रोबो' म्हणतात. आपण सोबती म्हणू.

त्यातला जुना आणि नावाजलेला म्हणजे पारो. ताकानोरी शिबाता या जपानी संशोधकानं १९९३ पासून त्यावर काम केलं आणि २००५ मध्ये तो जपानात विकायला आला. दिसायला सील माशाचं पांढरं पिल्लू. सील म्हणजे खरं तर मासा नव्हे, पण आपल्याकडे तसंच म्हणतात. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढं. अंगावर मऊ केस, आत स्पर्श, प्रकाश, आवाज, तापमान ओळखणारे सेन्सर. चार्जिंगची पिन बाळाच्या चोखणीसारखी, तोंडात द्यायची! आता सीलच का? कुत्रं-मांजर प्रत्येकानं पाहिलेलं असतं, त्यामुळे लगेच तुलना होते, 'हे खऱ्यासारखं नाही' म्हणतात. सील कुणी पाळलेलाच नसतो. विचार करून केलेली गोष्ट आहे. अमेरिकेत २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली.

उपयोग होतो का? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या २८ वृद्धसेवागृहांत ४१५ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला चालू पारो दिला. दुसऱ्या गटाला तोच पारो, पण आतलं यंत्र बंद केलेला, म्हणजे निव्वळ मऊ खेळणं. तिसऱ्याला नेहमीची देखभाल. निकाल असा, की नेहमीच्या देखभालीपेक्षा पारोवाल्यांचा मूड बरा होता, चिडचिड-घालमेल कमी होती. पण बंद खेळण्याच्या तुलनेत पारो सरस ठरला तो एकाच बाबतीत, माणसं त्याच्याशी जास्त बोलली, त्याच्याकडे जास्त पाहिलं. बाकी फरक फारसा नव्हता. आता पारोची किंमत सहा हजार डॉलरच्या घरात. मऊ खेळणं सदरला मिळतं. हिशेब तुम्हीच करा.

दुसरं उदाहरण मला फार आवडलं, कारण त्यात आपण आहोत. युरोप आणि जपाननं मिळून २०१७ ते २०२० 'केअरेसेस' नावाचा प्रकल्प केला. पेपर नावाचा माणसाच्या आकाराचा रोबो घेतला आणि त्याला संस्कृती शिकवली. म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं तर ते माणूस कुठलं, काय खातं, कुठला सण करतं हे माहीत हवं. त्यासाठी तीन संस्कृती धरल्या होत्या, इंग्लिश, जपानी आणि भारतीय. इंग्लंड आणि जपानमधल्या ३३ रहिवाशांवर दोन-दोन आठवडे प्रयोग झाला. भावनिक स्वास्थ्य सुधारलं. एकटेपणाच्या बाबतीत मात्र फरक दिसला तो थोडाच.

भारतातही बंगलोरचा 'मित्रा' रोबो आहे. २०१७ मध्ये हैदराबादच्या जागतिक उद्योजक परिषदेत पंतप्रधानांच्या समोर आला होता. पण त्याचं खरं काम मला वाटतं २०२० मधलं. नोएडाच्या एका रुग्णालयात कोविडच्या वॉर्डात तो फिरायचा, छातीवरच्या पडद्यावर पेशंटला घरच्यांचा चेहरा दाखवायचा. त्या दिवसांत आपल्यापैकी किती जणांनी आपल्या माणसाचा चेहराही शेवटचा पाहिला नाही, ते इथे सांगायला नको. तिथे रोबोनं माणसाची जागा घेतली नव्हती. माणसाला माणसापर्यंत पोचवलं होतं.

आता माझ्या घरची गोष्ट.

तुमच्यापैकी जुन्यांना माझी आई आठवत असेल. बी विंगच्या खाली संध्याकाळी बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'जेवून राहिला का?' विचारायची. पुढे विसरायला लागली. गॅस चालू ठेवला, एकदा पहाटे चार वाजता शाळेत जाते म्हणून निघाली, वॉचमननं परत आणली. दोन वर्षं घरी केलं. एकच प्रश्न दिवसातून तीस वेळा, 'बाबा आले का गं?' बाबा जाऊन अठरा वर्षं झाली होती. पहिल्यांदा समजावून सांगायचे, मग थोडक्यात, मग ओरडायचे. शिक्षिका म्हणून एकच गोष्ट चाळीस मुलांना चाळीस वेळा सांगितली, कधी चिडले नाही. आईवर चिडले. शेवटी तिला गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. इथे बसलेल्यांपैकी काहींनी तेव्हा मला नावं ठेवली, काहींनी डबे दिले. दोघांचंही मनात आहे.

वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच मान खाली घालतात. पण याच नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ सुरू केला. बाळंतिणींसाठी सुरू झालेलं हे काम पुढे पंचवटी वृद्धाश्रमापर्यंत आलं. जन्माला हात लावणारी संस्था म्हातारपणालाही हात लावते, यात लाज कसली? लाज हवी ती नेऊन ठेवून विसरण्याची.

माझी भाची न्यू जर्सीला असते. ती आली तेव्हा आजीसाठी एक यंत्राची मांजर घेऊन आली. पाठीवर हात फिरवला की गुरगुरते, मान वळवते, पंजा उचलते, कधी कूस बदलून पोट दाखवते. आत काय आहे ते मला पाहिल्याबरोबर कळलं, दोन-चार सेन्सर, छोट्या मोटारी, एक स्पीकर, खाली बॅटऱ्या. डिप्लोमाच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून देता येईल इतकं साधं. मी मनात म्हटलं, पैसे वाया.

आईनं तिला मांडीवर घेतलं आणि 'मनी' म्हटलं. आमच्या वर्ध्याच्या घरी मनी नावाची मांजर होती, पन्नास वर्षांपूर्वी. स्वतःच्या मुलीचं नाव विसरलेल्या बाईला मांजरीचं नाव आठवलं. आणि 'बाबा आले का' हा प्रश्न थांबला नाही, पण कमी झाला. आजूबाजूच्या पलंगांवरच्या आज्या मनीला बघायला येऊ लागल्या. त्यातल्या एकीनं सहा महिन्यांत कुणाशी शब्द बोलला नव्हता, ती म्हणाली, 'माझ्या मांडीवर दे की थोडी.' मांजर काही करत नव्हती. पण तिच्या निमित्तानं दोन बायका बोलल्या.

मग एक दिवस फोन आला, आजी जेवत नाही. गेले. आईनं ताटातली पोळी, वरणभात, सगळं मनीपुढे मांडून ठेवलेलं. म्हणाली, 'मनी दोन दिवस जेवली नाही. ती आजारी आहे. मी कशी जेवू?'

मी काय करावं? इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमनी समजावायला सुरुवात केली, 'आई, ही खरी नाही, यंत्र आहे.' तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. तेवढ्यात तिथल्या मावशी आल्या. चौथी शिकलेली बाई. सहज म्हणाल्या, 'अवं आजी, मनीनं आत्ताच दूध पेलं जी स्वयंपाकघरात. पोट पाहा कसं टम्म झालं. तुम्ही खा आता.' आणि आई जेवली.

हे खोटं बोलणं आहे का? आहे. या विषयावर जगभरचे विद्वान भांडतात, म्हाताऱ्या माणसाला यंत्र हे जिवंत आहे असं वाटू देणं म्हणजे फसवणूक की नाही. मला त्याचं पक्कं उत्तर देता येणार नाही. एवढं सांगते, की त्या मांजरीला आईची भूक कळणार नव्हती. ती मावशींना कळली. यंत्रानं जो पेच उभा केला तो सोडवायला माणूस लागला.

असंच बॅटऱ्यांचं. एका रात्री त्या संपल्या. आईला वाटलं मनी गेली. पहाटेपर्यंत रडली. हसू नका. जपानमध्ये सोनी कंपनीनं आपल्या आयबो नावाच्या रोबो-कुत्र्याची दुरुस्ती २०१४ मध्ये बंद केली, तेव्हा लोकांनी बंद पडलेल्या कुत्र्यांचे बौद्ध मंदिरात अंत्यविधी केले. अमेरिकेत जिबो नावाचा बोलका रोबो होता. कंपनी टिकली नाही, सर्व्हर बंद होणार होते. २०१९ मध्ये त्यानं आपल्या मालकांना स्वतःच निरोपाचे चार शब्द सांगितले. आपण इन्व्हर्टर घेताना वॉरंटी विचारतो. सोबत घेताना कुणी विचारतं का?

जेम्स राइट नावाच्या संशोधकानं जपानच्या एका वृद्धसेवागृहात राहून असे रोबो पाहिले आणि २०२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानं पाहिलं ते मला अगदी ओळखीचं वाटलं. पेपर पुढे उभा राहून व्यायाम घेतो, पण म्हातारी माणसं त्याचं ऐकत नाहीत, म्हणून त्याच्या शेजारी एक कर्मचारी उभी राहून तेच हातवारे करते, तेच बोलते! उचलणारं यंत्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलत नेण्यातच वेळ जातो. पारोवर एका आजीचा इतका जीव जडला की तिला सांभाळावं लागलं, दुसऱ्या कुणी त्याची कातडी सोलायचा प्रयत्न केला. म्हणजे काम कमी व्हायच्या ऐवजी रोबोलाच सांभाळायचं एक काम वाढलं.

आता जे सांगायला मी खरं तर उभी राहिले, ते सांगते. भाषण तयार करताना हा भाग दोनदा खोडला होता.

मनी येण्याआधी मी एक दिवसाआड आईकडे जायची. मनी आल्यावर आई शांत झाली. मला बरं वाटलं. मे महिना होता, उन्हाचा पारा पंचेचाळिशीला, आणि वृद्धाश्रम गावाबाहेर. म्हटलं, मनी आहे ना सोबतीला. आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. मग फक्त रविवारी. पुढे एका रविवारी लग्न आलं, तेव्हा तेही नाही. आईला दिवस-वार कळत नाहीत, मला कोण विचारणार होतं?

विचारलं नाही कुणी. मावशी एवढंच म्हणाल्या, 'ताई, मांजर चांगली आहे जी. पण आजी दरवाज्याकडेच पाहून राहते.'

त्या यंत्रानं आईचं भलं केलं, हे मी आजही म्हणते. पण माझ्या मनाला जी टोचणी लागायला हवी होती ती त्यानं बंद केली. तो मांजरीचा दोष नाही. आई पुढे आठ महिने होती. त्या आठ महिन्यांत मी पुन्हा एक दिवसाआड गेले. आधीचे दोन-अडीच महिने काही परत मिळाले नाहीत.

म्हणून आपल्या सोसायटीबद्दल. येत्या सर्वसाधारण सभेपुढे प्रस्ताव आहे, की रौप्यमहोत्सवी निधीतून ज्येष्ठांच्या घरी धोक्याची घंटा आणि बोलका डबा बसवायचा. डबा म्हणजे तो गाणी लावणारा, गोळीची आठवण देणारा स्पीकर. मी विरोध करायला उभी नाही. माझं म्हणणं चार मुद्द्यांत मांडते.

एक. धोक्याची घंटा जरूर बसवा. बाथरूममध्ये पाय घसरला तर बटण दाबता आलं पाहिजे. हे यंत्राचं काम आहे आणि यंत्र ते चोख करतं. फक्त घंटा वाजल्यावर रात्री दोन वाजता कोण धावणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा.

दोन. बोलका डबा सरसकट घेऊ नका. आधी दोन घरी तीन महिने ठेवून पाहा. ज्यांच्या घरी ठेवायचा त्यांना विचारा, त्यांच्या मुलांना नव्हे. त्याचा माइक कायम चालू असतो, काय ऐकतो आणि कुठे पाठवतो ते त्यांना मराठीत समजावून सांगा, नको वाटलं तर बंद कसा करायचा तेही दाखवा. आणि भाषा तपासा. आमच्या एका शेजारणीनं असल्याच डब्याला विचारलं, 'काऊन रे, पाऊस येऊन राहिला का?' तो पुण्या-मुंबईची मराठी शिकलेला असावा. त्यानं पावसाचं गाणं लावलं. काकू खूश, पण गच्चीवरच्या वड्या भिजल्या.

तीन. आपल्या सोसायटीत रोज सात-आठ मावशी ज्येष्ठांच्या देखभालीला येतात. त्या डबा कुठे खातात, कुणाला माहीत आहे? जिन्यात. मीटर-बोर्डाच्या खाली बसून. यंत्रासाठी निधी आहे, तर तळमजल्याच्या स्टोअररूममध्ये एक पंखा, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ आणि शेजारचं संडास-बाथरूम त्यांना वापरू देणं एवढं या निधीत बसणार नाही का? माझ्या आईला घास भरवला तो त्यांच्यासारख्याच एका बाईनं.

चार. याला पैसाच लागत नाही. रोज सकाळी प्रत्येक मजल्यावरच्या एका घरानं एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याचं दार वाजवायचं. 'काय म्हणता काका, झोप झाली?' बस, एवढंच. आणि दुपारी चारला या सभागृहात चहा. मुंबईत २०२२ मध्ये 'गुडफेलोज' नावाची सेवा सुरू झाली, शिकलेली तरुण मुलं एकट्या ज्येष्ठांना सोबत करतात, गप्पा मारतात, मोबाइल शिकवतात. रतन टाटांनी त्यात पैसे गुंतवले होते. आपल्या विंगांमध्ये कॉलेजची मुलं आहेत. त्यांना परीक्षा आहेत, मान्य. पण आठवड्यातून एक तास?

जाता जाता कामाची माहिती. ज्येष्ठांसाठी देशभराची हेल्पलाइन आहे, १४५६७. फ्रिजवर लिहून ठेवा. २००७ चा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे, मुलं सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण कायदा निर्वाहाचे पैसे मिळवून देईल. संध्याकाळी खाली येऊन गप्पा मारायला तो सांगू शकत नाही.

मनी अजून माझ्याकडे आहे. शोकेसमध्ये बसवली आहे, बॅटऱ्या काढून. माझीही मुलगी दूर आहे, सत्तरी आता लांब नाही. उद्या तिनं मला असली मांजर पाठवली तर मी घेईन. नावही ठेवीन. तुम्ही फक्त त्या दिवशी असं म्हणू नका, की 'त्यांना आता मांजर आहे, चहाला बोलवायचं कारण नाही.'

बोलवा. मी येईन. मांजरीला घेऊन येईन.